सदतीस वार

सोहारबाहेर, खजुराच्या वाडीत
पत्र्याचा कावळा उभा.
छातीत चाळीस मिलिमीटरचं भोक.

दुर्बिणीचं चाक फिरवतो.
कावळ्याच्या पोटावरचा ओरखडा
धूसर, धूसर, मग लख्ख.
चाकावरची पांढरी खूण म्हणते, बेचाळीस.
पण खुणा केल्या जानेवारीत.
आता नळी तापलीय,
उन्हात चाकही थापा मारतं.

शेजारच्या उशीवर खमीस गप्प.
अंतर कुणी कुणाला सांगायचं नसतं.

मी इचलकरंजीचा, कापडदुकानात वाढलेला.
डावा डोळा मिटून
वाळूवर अंथरतो चार लुगडी,
पदराला पदर लावून.
पुढे एक वार उरतो.

सदतीस.

टण्ण.
कावळा पडला की नुसताच वाजला
ते खमीस मान उंचावून बघतोय.
मी अजून घड्या घालतोय.