नऊ पायऱ्या

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
आम्ही नऊ चढलो.
मी मोजल्या. मोजायची सवयच आहे,
सार्नुर्मे परिषदेची कारकून आहे मी एकवीस वर्षं.
तार्तूच्या त्या पायऱ्यांवरचा बर्फ
कुणीतरी अर्धवट सारला होता.
काल्यूने वाकून पाहिलं, म्हणाला, फावडं उलटं धरलंय यांनी.
काल्यू आमच्याकडे बर्फाचा नांगर चालवतो.
साक्षीला त्याला कुणी बोलावलं नव्हतं,
गाडी त्याची, म्हणून आला.

पाचामुखी परमेश्वर, एवढं आम्हाला पुरत होतं.
सरकारला हवी होती पाच हजार मुखं.
आमच्याकडे अकराशे बेचाळीस,
त्यात दोन तान्ही,
आणि एक जण नावापुरता इथला,
हेलसिंकीत भिंती रंगवतो.
भरत नसतील तर शेजारच्या तिघांत मिसळा,
असं पत्र आलं. सोबत नकाशा:
दलदलीवरून सरळ गेलेली एक रेघ,
जिथे क्रौंचसुद्धा
बघून पाय टाकतो.

सभा भरली बंबाच्या वरच्या खोलीत.
दोन तास एकच भांडण,
वकील करायचा की नांगराला नवं पातं घ्यायचं.
अध्यक्ष हेल्दुर, मधमाश्या पाळणारा माणूस,
म्हणाला, हरणार आपण.
आणि वकिलाच्या बाजूने हात वर केला.
पाच विरुद्ध दोन.
पातं जुनंच राहिलं.

कोर्टात सगळं सभ्य होतं.
सरकारचा वकील पोरसवदा, सारखा खोकत होता,
मधल्या सुट्टीत हेल्दुरने त्याला मधाच्या गोळ्या दिल्या.
आमच्या कासेमा बाई छान बोलल्या:
विचार करायला सहा आठवडे दिलेत,
त्यातले दोन नाताळाने खाल्ले,
याला विचारणं म्हणतात का?
मग मधल्या न्यायाधीशांनी चष्मा काढला,
आणि खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं,
नेमकं काय नुकसान होईल तुमचं?

माझ्या मांडीवर तीनशे बारा पानं होती.
शाळेचा पट, दिव्यांची बिलं,
विहिरींच्या पाण्याचे अहवाल.
त्यात कुठेही नव्हतं
की काल्यू पहाटे साडेतीनला
आधी वाइकेची पाणंद मोकळी करतो,
हमरस्ता नंतर,
कारण मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी
पाचला गाडी येते तिला डायलिसिसला न्यायला.
याचा ठराव नाही. जावक क्रमांक नाही.
मी मागे वळून पाहिलं.
शेवटच्या बाकावर, हिटरच्या उबेत,
काल्यू गाढ झोपला होता.

निकाल बावन्न पानांचा.
सरकारला अधिकार आहे. प्रक्रिया पुरेशी आहे.
विलीनीकरणाचा खर्च मात्र सरकारनेच सोसावा.
त्या एका परिच्छेदाखाली हेल्दुरने पेन्सिल ओढली,
आणि रात्री सॉनात बसून, घामाने निथळत,
जिंकलो की हरलो यावर
आम्ही पुन्हा पाच विरुद्ध दोन.

परिषदेचा शिक्का माझ्याच खणात आहे.
परत करायचा होता.
कुणाकडे, ते पत्रात लिहायचं राहून गेलं.
नवी कचेरी चाळीस किलोमीटरवर,
फोनवर एक मुलगी असते, गोड बोलते,
नोंद घेतली म्हणते, आणि घेतेही.
बर्फाचं कंत्राट दुसऱ्याला गेलं.
त्याच्या पडद्यावर रस्ते महत्त्वाप्रमाणे रंगवलेत,
वाइकेची पाणंद करडी.
जुनं पातं भंगारात काढलं,
ते कुणी उचललं याची पावती सापडत नाही.

काल रात्री गुडघाभर पडला.
आज गुरुवार.
साडेतीनला मला जाग आली,
आणि अंधारात, लांब,
लोखंड दगडाला घासल्याचा आवाज.
डिझेल कुणाचं, हे विचारायचं नाही असं ठरलंय.
कुठल्या सभेत ठरलं म्हणाल,
तर त्याचं इतिवृत्त मी लिहिलेलं नाही.