दोन प्रकारचं असणं

लास क्रूसेसच्या वाचनालयात, मंगळवारी सहाला,
मिसेस ओलिवास फळ्यावर दोन क्रियापदं लिहितात:
सेर. एस्तार.
दोन्हींचा अर्थ असणं.
उंची, गाव, बापाचं नाव हे सेर.
ताप, भूक, दार उघडं की लोटलेलं हे एस्तार.

"आणि लग्न?" मी विचारते.
"एस्तार," त्या म्हणतात. "एस्तोइ कासादा.
चाळीस वर्षं झाली. अजून एस्तारच."
वर्ग हसतो.
मी वहीत उतरवून खाली रेघ मारते,
इतकी दाबून की मागच्या पानावर उठते.

आमच्याकडे आहे म्हणजे आहे.
मुलाच्या लग्नाच्या पत्रिका लिहिताना
मावशीनं मुद्दाम फोन केला होता,
"वृंदा, नावाआधी काय घालू गं?
सौ. तर आता नाही. कु. या वयात बरं दिसत नाही.
श्रीमती म्हटलं की लोकांना वाटायचं तो गेला."
"गेलाच की मावशी. डॅलसला."
ती हसली नाही.
पाकीट आलं, नावाआधी बोटभर कोरी जागा.
ते फ्रिजवर आहे, लोहचुंबकाखाली,
वीजबिलाच्या शेजारी.

एफ्राइन पेकनच्या बागांतले पंप दुरुस्त करतो.
पहिल्या भेटीत त्यानं नाव विचारलं.
त्याच्या तोंडात वृंदाची ब्रिंदा झाली,
आणि तो स्वतःशीच हसत ग्लास उचलायला लागला:
त्याच्या भाषेत ब्रिंदा म्हणजे
ती पेला उंचावते, कुणाच्या तरी नावानं.
बेचाळीस वर्षं तुळस म्हणून काढली होती मी.

घोकून आणलेलं वाक्य टाकलं:
एस्तोइ दिवोर्सियादा.
तो म्हणाला, सोइ ब्यूदो.
विधुर. आणि सेर लावून.
मला वाटलं, चुकला.
पुढच्या मंगळवारी मिसेस ओलिवास म्हणाल्या,
चूक नाही, इथे दोन्ही चालतं,
ज्याचं त्यानं ठरवायचं.

आम्ही रियो ग्रांदेत फिरायला जातो.
काठानं नाही, पात्रातून.
पाणी वर धरणात अडलेलं,
खाली वाळू, कुत्र्यांची पावलं, एक ट्रकचा टायर.
नदी कोरडी आहे, हे कसं म्हणायचं?
"एस्ता सेका."
आणि ही नदी आहे?
"एस उन रियो."
मग पुलापर्यंत कोणीच काही बोललं नाही.

मे गुस्तास.
इथे वर्गातले सगळे अमेरिकन अडखळतात,
त्यांना वाक्याच्या तोंडाशी मी उभा करायचा असतो,
काठी घेऊन, कर्ता म्हणून.
मला पहिल्या फटक्यात जमलं:
तू मला आवडतोस.
कर्ता तू. मी नुसती
जिच्या बाबतीत हे घडतं ती.
मिसेस ओलिवासांनी विचारलं, कुठे शिकलीस?
काय सांगणार. साताऱ्यात.

सप्टेंबरात दुकानाच्या पार्किंगमध्ये
जाळीच्या पिंपात हिरव्या मिरच्या भाजतात.
हँडल फिरतं, साल तडकते,
साऱ्या गावाला ठसका.
विकणाऱ्या बाईनं माझ्याकडे हनुवटी उडवून विचारलं,
तुझी बायको का?
खांद्यावर पोतं घेतलेला एफ्राइन म्हणाला, "एस..."
आणि थांबला. खोकला.
"एस्ता कोन्मिगो."
माझ्याबरोबर आहे.

मी पाठ फिरवून डोळे पुसले,
मिरचीचं निमित्त आयतं होतं.
बाईनं सुटे पैसे मोजले, आमच्याकडे न बघता म्हणाली,
घरी गेल्या गेल्या फ्रीझरमध्ये ठेवा.
मराठीत ठेवा म्हटलं
की मान दिला का दोघांना सांगितलं, कळत नाही.
ती म्हणाली, ग्वार्देन्लोस.
तिथे कळतं.