मानशीपाशी, रकाना सतरा

फेरीबोटीतून उतरले तेव्हा टॅबलेटची बॅटरी
एक्केचाळीस टक्के होती.
चोडणात माझ्या वाट्याला अठ्ठावीस घरं,
शाश्वत विकासाचे त्रेसष्ट प्रश्न
आणि घरामागे पंचेचाळीस रुपये,
जे कंत्राटदार चतुर्थीपूर्वी देईन म्हणतो.
कुठली चतुर्थी ते सांगत नाही.

नळ आहे? आहे.
पाणी? ते विचारायचं नाही,
ते दुसऱ्या खात्याच्या फॉर्मात येतं.
संडास आहे? आहे. आत सोडणं रचलेली, छतापर्यंत.
मी ‘आहे’वर बोट ठेवलं.
गॅस आहे, वीज आहे, मुलगी शाळेत आहे,
मुलगा दोहाला. त्याला घरात धरायचं की नाही
यावर सासू-सुनेचं जुंपलं
आणि मी तुळशीकडे बघत उन्हात उभी.

सत्ताविसावं घर रुझारचं. कडी बाहेरून.
शेजारीण म्हणाली, तो घरी कधी असतो?
बांधावर बघ.

मानशीच्या लाकडी दारापाशी उकिडवा बसला होता,
गुडघ्यापर्यंत चिखल. भरती चढत होती.
विचारलं : पाण्याची क्षारता कधी मोजली का?
कोणत्या साधनाने?
रकाना सतरा, पर्याय चार.
त्याने ओंजळ भरली, जिभेच्या टोकाला लावली,
थुंकला.
“आज पेजेएवढं.
पुनवेला खारातल्या आंब्याएवढं होतं.
कोरगुट पेजेएवढं सोसतं, बाये. त्याच्यावर नाही.”

पर्यायांत पेज नव्हती.
मी ‘इतर’ दाबलं.
‘इतर’ने विचारलं : तपशील, अंकांत.

दार ओहोटीला उघडतं, भरतीला लागतं,
माणूस लागत नाही, पाणीच लावतं,
असं तो सांगत होता.
पण मानस आता लिलावात जाते.
घेणाऱ्याला मासळी हवी, रात्री तो दाराखाली धोंडा सारतो.
शेवटे आत, काळुंदरं आत, कोळंबी आत,
मीठही आत.
त्याची पावती कुणी फाडत नाही.

लिलावाचा पैसा गावच्या उत्पन्नात. रकाना नऊ.
सकाळी मीच धरला होता.
हिरवा बाण वर गेला
आणि मला, खोटं कशाला सांगू,
बरं वाटलं होतं.

समोरचं शेत पाच वर्षं पडीक.
त्यावर खारफुटी उगवली.
खारफुटी चांगली, रकाना एकतीस,
ती उपग्रहाला दिसते, तिचाही बाण वर.
एकाच चिखलातून दोन हिरवे बाण.
इथलं भात कुठे गेलं, हा प्रश्न
त्रेसष्टांत नव्हता. मी दोनदा शोधला.

“किती मार्क पडले गावाला?”
एकाहत्तर. गेल्या खेपेला चौसष्ट.
तो रागावला नाही.
बोटांवरचा चिखल निपटत म्हणाला,
“बापाच्या वेळी हे शेत बारा खंडी द्यायचं.”
थांबला.
“नाही. दहा.
बाप दोन वाढवून सांगायचा.
पण त्याला ठाऊक असायचं, दोन कुठली ते.”

दार आतून खटकन लागलं.
तो उठून त्याच्या फटीला चिखल लिंपू लागला
आणि मी तिथे नसल्यासारखा
खेकड्यांना शिव्या देऊ लागला.

धक्क्यावर बॅटरी सहा टक्के.
रकाना सतरा तांबडा, भरल्याशिवाय पुढे जाऊ देईना.
फेरी यायला वेळ होता.
पायरीवर वाकले, बोट बुडवलं, चाटलं.
मी सत्तरीची, डोंगरातली.
मला नुसतं खारट लागलं,
पेज की आंबा ते कळेना.

शून्य लिहिलं.
फॉर्म लगेच गेला.
अठ्ठाविसावं घर राहिलंच.