साराचा कोट

आमच्या फ्रीसलंडमध्ये बाई पन्नास वर्षांची झाली
की म्हणतात, तिला सारा भेटली.
आदल्या रात्री शेजारीपाजारी गुपचूप येतात,
अंगणात पेंढ्याची एक म्हातारी उभी करून जातात.
चष्मा, रुमाल, हातात झाडू;
ज्याच्या मनात जेवढा खवचटपणा, तेवढी ती ठसठशीत.

हिस्केची सारा आम्ही तिच्याच गोठ्यात भरली.
जानेवारीचा शेवट, रात्रीचे अकरा,
गाईंचा ऊबदार श्वास, आणि आम्ही तिघी
तोंडावर हात दाबून फिदीफिदी.
विब्रेननं माळ्यावरून कोट आणून दिला,
निळा, कोपरावर विटलेला.
"हा ती आता घालत नाही," म्हणाला,
नवरे म्हणतात तसं, न विचारता.

खिशात पेंढा कोंबताना बोटांना कागद लागला.
खताच्या पावतीची पाठकोरी बाजू.
वर, दोनदा अधोरेखित: ५० च्या आत.

दात.
चर्चचा ऑर्गन, एक तरी स्तोत्र न अडखळता.
सिगारेट. (खूण, खोडलेली. पुन्हा खूण, पुन्हा खोडलेली.)
आईकडून साखरपाव लिहून घेणे.
आंद्रिसला फोन.
वोर्कुमपर्यंत, गोठलेल्या कालव्यावरून, एकटीनं, न थांबता.
आणि शेवटची एक ओळ इतकी गिरवून मिटवलेली
की कागदाला भोक पडलं होतं,
त्यातून मला माझंच बोट दिसलं.

दात झाले, ते मला माहीत;
पैसे मीच उसने दिले होते.
आई तिसऱ्याच वर्षी गेली, दालचिनीचं प्रमाण डोक्यात घेऊन.
आंद्रिसचं तिला कुणी विचारत नाही.
पण बर्फ?

माणूस ठरवून पहाटे उठेल,
अगदी ठरवून माफीही मागेल,
हिवाळ्यानं मात्र कुणाला शब्द दिला नव्हता.
दहा वर्षांत कालवा दोनदा धरला,
तोही बदकाला पेलेल इतपत.
दर डिसेंबरात ती स्केटना धार लावून आणायची,
दर मार्चात चरबी फासून खुंटीला टांगायची.
यात तिचं काय चुकलं?
तरी यादी तेही न झालेल्यातच धरते.

माझ्या कानामागे पेन्सिल होती.
आमच्या आकड्यांत पाचाचा सहा करायला
एक वळण पुरतं, पोटाशी मिटवलेलं.
मी वाकले. गाय खाकरली.
कागद होता तसा घडी करून
साराच्या खिशात परत ठेवला.

(पुढच्या वर्षी माझी पाळी.
मी यादी कधी केलीच नाही, ही माझी हुशारी.
त्या रात्री घरी चालत जाताना
ती हुशारी जरा पेंढ्यासारखी वाजत होती.)

सकाळी उणे चार. पडद्याआडून पाहिलं,
हिस्के नाइटगाउनवर गमबूट चढवून बाहेर आली,
हसली, साराच्या गालावर चापट मारली,
मग थंडी वाजली असावी,
तिनं सरळ म्हातारीचा कोट उतरवून स्वतः घातला
आणि सवयीनं हात खिशात घातले.

बराच वेळ उभी होती.
शेजारी सारा, नुसत्या ब्लाउजवर, छातीतून पेंढा सांडत.
कालव्याच्या कडेला काचेसारखी एक पातळ किनार.

मग माझ्या दाराशी टकटक.
वाढदिवसाच्या शुभेच्छा तोंडात जुळवत मी दार उघडलं,
तर म्हणाली, पेन्सिल आहे का गं?

दिली.
टोक मोडलेलं निघालं.
ती दारातच उभी राहून
दातांनी लाकूड सोलू लागली,
त्याच नव्या दातांनी.