काठाकाठाने

नोव्हेंबर उतरणीला लागला की आमच्या काइनूत,
फिनलंडच्या या पूर्वेकडच्या टोकाला,
पोरांच्या गळ्यात खिळे येतात.
लाकडी मुठीचे दोन, टोकं बुचात खुपसलेली,
कोटावरून दोरीनं अडकवलेले.
तळं फुटलंच पायाखाली
तर हे बर्फात रोवायचे, पोटावर सरपटायचं,
आणि आलात त्याच वाटेनं परत,
कारण त्या बर्फानं तुम्हाला
निदान एकदा तरी पेललेलं असतं.

हे सिर्काबाईंनी शिकवलं, फळ्यावर नाही.
एप्रिलमध्ये करवतीनं बर्फाला चौकोनी भोक पाडून
एकेकाला कपड्यांसकट आत उतरवलं, कमरेला दोर.
ओरडायलाही श्वास सापडत नव्हता.
"आधी श्वास," बाई कडेला गुडघे टेकून म्हणायच्या,
"घाबरायला मग अख्खा दिवस पडलाय."
माझी बहीण तैमी तिसऱ्या खेपेला बाहेर आली,
दात वाजत असतानाच तिनं विचारलं,
"पण मुळात पडूच नये म्हणून काय करायचं?"
बाई हसल्या नाहीत.
"ते या भोकात शिकवता येत नाही," म्हणाल्या.

पुढच्या डिसेंबरात ती दहाची, मी सहाचा.
शाळेच्या पायरीवरून आमच्या घराचा धूर दिसायचा:
तळ्यावरून बारा मिनिटं,
काठाकाठाने, रस्त्यानं, तासभर.
तीनलाच अंधारलेलं. वाइनो आणि त्याची टोळी
केव्हाच पलीकडे पोचली होती,
ताज्या हिमावर त्यांच्या बुटांची सरळ रेघ.
तैमीनं पायानं हिम बाजूला सारलं, वाकून पाहिलं.
खाली काळाभोर बर्फ हवा होता.
होता करडा, पेजेसारखा.
ठोकून बघायला पहार हवी, ती घरी,
आईच्या उंचीच्या खिळ्यावर.

मग तिनं माझ्या गळ्याकडे पाहिलं.
माझे खिळे शाळेतच, हिमाचा किल्ला कोरता कोरता विसरलेले.
तिनं स्वतःचे काढले, माझ्या डोक्यावर धरले,
आणि तसाच हात हवेत थांबला.
दोघं आणि जोडी एक.
काय हिशेब मांडला कोण जाणे,
खिळे परत आपल्या गळ्यात घालून ती म्हणाली, "रस्त्यानं."

मी रडलो. भित्री म्हणालो, सशाच्या काळजाची म्हणालो,
वाइनोला सांगीन म्हणालो.
ती डावीकडनं चालत राहिली, समोरची गाडी दिसेल अशी,
माझ्या बाहीवरची चकाकती चकती
दर थोड्या वेळानं पुसत.
लाकडं नेणारा एक ट्रक दुरूनच हळू झाला.
मी रस्त्यात बसकण मारली, तिनं उचललं नाही.
थांबली मात्र. बराच वेळ.

आई दारात कंदील घेऊन.
"उशीर?"
"बर्फ करडा वाटला. रस्त्यानं आलो."
माझ्या खिळ्यांचं नावही तिनं काढलं नाही.
मी सूप ढवळलं, पुन्हा ढवळलं,
मग मलाच ते गिळवेना, आणि मीच सांगितलं.
आई काही बोलली नाही.
जेवण झाल्यावर पडवीतून हातोडीचा आवाज आला:
पहारीचा खिळा उपटून ती खाली ठोकत होती,
तैमीच्या खांद्याच्या रेषेत.

सकाळी मी धावत तळ्यावर गेलो.
वाइनोची रेघ या काठापासून त्या काठापर्यंत,
कुठे तुटलेली नाही, कुठे भोक नाही.
"बघ!" मी ओरडलो. "पेललं असतं आपल्याला!"
"असेल," तैमी म्हणाली. पहार तिच्याहून जरा उंचच होती.
"काल त्यांना पेललं. आज आपण विचारू."
ठक.
एक पाऊल. ठक.
त्या आवाजाला कान देऊन ती उभी राहायची,
आणि दहा पावलं मागे मी,
गळ्यात खिळे,
कुणी आठवण न करता घातलेले.