मीठ वरच्या फळीवर

इथे पाऊस आधी येत नाही,
आधी पाणी येतं.
पाऊस पडतो तिकडे, मेघालयाच्या डोंगरात,
आणि इकडे लख्ख उन्हात, वाळत घातलेल्या भाताशेजारून
एक बारीक जीभ पुढे सरकते,
मांजर दुधाशी येतं तशी, पाऊल न वाजवता.

करफुलनेसा, माझी सासू,
घाटावरच्या बांबूला कोयत्यानं खाचा पाडते.
काल पाण्यावर तीन दिसत होत्या. आज दोन.
माझ्याशी बोलत नाही. बोलायचं ते चुलीशी:
"चल गं बाई, बिऱ्हाड हलवू तुझं,"
आणि मातीची ती उचलती चूल कडेवर घेते,
मला एकदाही जवळ घेतलं नाही, इतकी जपून.

मी चहाच्या मळ्यांकडची. उतारावरची.
आमच्याकडे पाणी यायचं, जायचं.
इथे ते राहायलाच येतं, सहा महिने,
आणि पाहुण्यासारखं नाही,
घरमालकासारखं.

वाट गेली. मग शेत. मग शाळेचं पटांगण.
आता दोन काड्यापेट्यांसाठी
तोफज्जुलच्या दुकानापर्यंत नाव वल्हवायची.
गाय मचाणावर, गोवऱ्या माळ्यावर,
कोंबड्या माझ्या खाटेखाली;
रात्रभर कुरकुरतात, जणू भाडं त्याच भरतात.
चट्टग्रामच्या बंदरावरून नवऱ्याचा फोन:
"पाणी किती?"
"आहे थोडं."

त्याच रात्री वारा फिरला.
आफाल म्हणतात इकडे त्याला,
कोसच्या कोस मोकळ्या पाण्यावरून धावत आलेली लाट.
वाटेत ना झाड, ना बांध;
पहिलं जे भेटतं ते आमच्या घराचं जोतं.
सुपारीच्या बुडाशी ढेकूळ सुटल्याचा आवाज झाला.
डुब्.
थोड्या वेळानं पुन्हा, डुब्.

कंदील घेऊन बाहेर आले तर म्हातारी कमरेभर पाण्यात,
बांबूच्या कुडामागे जलपर्णीचे भारे कोंबत होती,
उशीत कापूस भरावा तसे.
मी उतरले.
पोहता येत नाही हे नंतर आठवलं.
पहाटेपर्यंत आमच्यात दोनच शब्द झाले:
"धर."
"धरलंय."
किती वेळा, कोण मोजतंय.

उजाडल्यावर तिनं अंगण हातानं मोजलं.
दीड हात कमी.
सुपारी उभी होती, जरा कललेली,
कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखी.

मग ती आत गेली.
कोनाड्यातलं मिठाचं मडकं काढलं,
स्टुलावर चढली, आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं.
तिथे तिचा हात पोचत नाही.
माझा पोचतो.

संध्याकाळी चुलीपाशी बसून,
मान वर न करता, म्हणाली,
"मीठ दे गं."

बाहेर बांबूवर एक खाच उरली होती.