पोस्टर क्रमांक एकशे सेहेचाळीस

बॅजवर माझ्या नावाआधी डॉक्टर छापलंय.
नोंदणीच्या टेबलावरची पोरगी म्हणाली, राहू द्या ना सर,
मागं रांग पाहा किती आहे.
म्हणून दोन दिवस मी डॉ. सुखदेव लांजेवार.
एरवी कुरखेड्याला सुई टोचतो, नळ्यांवर नंबर टाकतो.

मॅडमना ऐन वेळी रजा मिळाली नाही.
म्हणाल्या, तुम्ही नुसतं उभं राहायचं,
विचारलं तर आकडे सांगायचे.
पोस्टर नळीत गुंडाळून पहाटेच्या एसटीनं आणलं.
कंडक्टरनं विचारलं, नकाशा हाय का भाऊ?
म्हटलं, तसाच समजा.

वर्धा रोडचा हॉल. आत एसी असा
की नागपूरचा डिसेंबर बाहेर उबदार वाटावा.
खाली कंपन्यांचे स्टॉल: प्लास्टिकचं काळीज
मधोमध उघडून दाखवतात, पुन्हा मिटवतात.
पेन फुकट. कार्ड देणाऱ्याला संत्रा बर्फी.
माझ्याजवळ कार्ड कुठलं? बॅज पाहून दोन तुकडे दिले.
एक तिथंच खाल्ला, एक रुमालात बांधला.

माझी जागा खांबामागं,
जेवणाची रांग वळते तिथं.
लोक हातात ताट घेऊन माझं पोस्टर वाचत,
रांग सरकली की वाचणं संपे.
एक सर निष्कर्षापर्यंत पोचले होते,
तेवढ्यात कढी आली.

परीक्षक दोघं. एकाचं लक्ष घड्याळाकडं.
नमुना किती? दोनशे बारा.
कालावधी? अठरा महिने.
लॉस्ट टु फॉलो-अप?
नऊ, सर.
फक्त नऊ? चार टक्के. सिकलसेलमध्ये, तेही तुमच्या भागात! उत्तम.
त्यांनी कागदावर खूण केली
आणि मी थँक्यू म्हणालो.
का म्हणालो, कोण जाणे.

नवांतली एक मिरच्या तोडायला तेलंगणात गेली,
पत्ता विचारला तर घरचे म्हणाले, शेठच्या वावरात.
दोघं भाऊ, त्यांची आश्रमशाळा बदलली,
नव्या शाळेत फोन लागतो, कोणी उचलत नाही.
एकीचं लग्न ठरलं. दवाखान्याच्या फाटकापाशी थांबून म्हणाली,
माझं लाल कार्ड फाडून टाका, दादा.
एकाच्या घरी मी स्वतः गेलो, सती नदी ओलांडून.
गोळ्यांची डबी खुंटीवरच्या पिशवीत होती, जवळजवळ भरलेली.
मायनं पाणी दिलं, मग डबी काढून हातात दिली:
दुसऱ्या कोणाले देजा.
उरलेले चार कुठं आहेत मलाही माहीत नाही,
उगाच खोटं कशाला सांगू.

दुपारी सगळे मोठ्या भाषणाला गेले.
फुकटच्या पेनानं मी त्या नऊच्या आकड्याशेजारी
बारीक अक्षरात पाच नावं लिहिली.
फ्लेक्सवर पेन चालत नव्हता, गिरवावं लागलं.

कुठल्याशा कॉलेजच्या एक बाई थबकल्या.
चष्मा वर सारून वाकल्या.
हे काय? पेशंटची नावं?
अहो, नावं लिहायची नसतात. डॉक्टर ना तुम्ही?

नाही, म्हटलं.
दोन दिवसांत पहिल्यांदा.

बरोबर होतं त्यांचं. आमच्याकडंही रजिस्टर कपाटात असतं,
किल्ली माझ्याच खिशात.
अंगठा थुंकीनं ओला करून पुसलं.
नावं गेली, निळा डाग राहिला.
बाईंनी पर्समधून टिश्यू काढून दिला, तोही निळा झाला.
मग त्या काही बोलल्या नाहीत, उभ्या मात्र राहिल्या,
रांग नसताना.

संध्याकाळी सगळ्यांना देतात ते प्रमाणपत्र मिळालं.
फोटोत डाग छपाईतल्या चुकीसारखा दिसतो.
मॅडमना पाठवला, त्यांचा अंगठा आला.

गणेशपेठहून सातची गाडी. मांडीवर नळी.
सोमवारी शिबिर आहे, चाळीस नळ्या मोजून ठेवायच्यात.
उमरेडला गाडी थांबली तेव्हा रुमाल सोडला.
शाई अजून अंगठ्यावर होती,
बर्फीला थोडी लागली.
तशीच खाल्ली.